मिस्त्रीचा कान अन् माहा सैल हात

आमच्या दवाखान्यात मानूस मागून येते, त्याची शिशी आधी येते.

सकाळी मी दाराचं कुलूप काढतो तवा ओट्यावर शिश्यायची रांग लागून राह्यते. मानसं आपापल्या कामाले, कोनी वावरात, कोनी स्टेशनवर, कोनी जिनात. अन् त्यायच्या वतीनं शिश्या नंबर लावून उभ्या. कोनती शिशी कोनाची हे मले विचारा, चेहरा पाह्याची गरज नाई. बुचाच्या जागी मक्याचं बुट्टं कोंबलेली म्हंजे स्टेशनवरचा पोर्टर. मानेले काळा दोरा बांधलेली म्हंजे बाजारओळीतली मावशी, औषधाले नजर लागू नये म्हनून. आता आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. तरी आमच्या ओट्यावर चपट्या, लांब मानेच्या, एकाहून एक झोकदार शिश्या येतात. कोठून येतात हे कोनी विचारत नाई. एक रिटायर हवालदार तं अशी नक्षीची शिशी आनतात का त्यात खोकल्याचं औषध भरताना मलेच लाज वाटते.

मी सिंदीत, म्हंजे रेल्वेवाल्या सिंदीत, पाच वर्षांपासून कंपोंडर हाय. नागपूरच्या माह्या मावसभावाले वाटते का कंपोंडर म्हंजे डाक्टरच्या मांगं उभा राहून मुंडी हालवनारा. अरे बाप्पा! डाक्टर कागदावर दोन रेघा मारते. त्या रेघांचं औषध मी करतो. पावडर तोलाची, खलात घोटाची, पानी टाकाचं, कडू लपवासाठी नारिंगीच्या सालीचा अर्क टाकाचा, मोजाच्या गिलासात मोजून शिशीत भराचं. मंग कागदाची एक पट्टी दुमडून कात्रीनं खाचा पाडाच्या अन् ती शिशीले चिकटवाची. एक खाच म्हंजे एक डोस. वाचता येवो का न येवो, खाच सगळ्यायले समजते.

समजते म्हनलं खरं. एक आजी होत्या, त्यायले आठ खाचांचं औषध देल्लं तं घरातल्या आठ जनायले एकेक खाच वाटून मोकळ्या. म्हने, "एकटीनं पेनं बरं दिसत नाई." अन् शाळेतले एक गुरुजी! त्याइनं शाईची दौत धुऊन आनली. धुतली म्हंजे पान्याचा हात लावला. औषध झालं निळंशार. गुरुजी तीन दिवसांत टनटनीत. पुढच्या वेळी चांगली शिशी आनली तं औषध गुलाबी आलं, अन् गुरुजी माह्यावर खवळले, "मले निळं पाह्यजे! हे फसवाफसवी काऊन चालवून राह्यला?" मी काय करू, दौतीतले दोन थेंब टाकून देल्ले. गुरुजी पुन्हा बरे.

तं असा माहा धंदा. हसत खेळत चालून राह्यलता. आता जे सांगाचं हाय ते थोडं वेगळं हाय, अन् त्यात मी काही शहाना दिसत नाई. पन सांगल्याबिगर राहावत नाई, म्हनून डाक्टरसाहेबायच्या मराठी टाइपरायटरवर बसलो हाय.

आमच्या इकडं एक रीत हाय. दूधवाला माप भरल्यावर वरून एक धार सोडते. दुकानदार तागडी खाली गेल्यावर बी चिमूटभर टाकते. आपल्या मानसाले घट्ट द्याचं. मापाले माप देनारा म्हंजे कंजूस, त्याच्या दारात कोनी उभं राहत नाई. मी बी याच मातीतला. ज्याच्यावर जीव, त्याच्या शिशीत औषध जरा घट्ट. फरक एवढाच का दूध जास्त झालं तं मानूस गुबगुबीत होते. औषधाचं तसं नाई, हे मले तवा समजलं नोतं.

अन् माहा सगळ्यात जास्त जीव होता शामरावजी मिस्त्रीवर.

शामरावजी जिनाचे मिस्त्री. ज्यायनं जिन पाह्यलं नाई त्यायच्यासाठी सांगतो. जिन म्हंजे कापसातून सरकी वेगळी कराचा कारखाना. आत दोन्ही बाजूनं रेच्यायच्या रांगा. रेचा म्हंजे सरकी काढाची मशीन. समोर बाया कापूस टाकून राह्यल्या, अन् सगळ्या रेच्यायले फिरवनारा, पट्ट्यावर चालनारा एक लांब शाफ्ट. दहा मिनिटं आत उभं राहून बाहेर या, बायको काय म्हनते ते आयकू येत नाई. काही लोक त्याच्यासाठीच जिनात नोकरी धरतात असं शामरावजी म्हनत.

या गोंगाटात शामरावजी तीस वर्षांपासून कानानं काम करत. बाभळीचा कमरेएवढा दांडका घेऊन फिरत. दांडक्याचं एक टोक बेरिंगवर, दुसरं कानावर. डोळे मिटाचे. "याले तेल नाई. त्याचा रूळ घासून राह्यला. हे बेरिंग तीन दिवसांत जाइन." अन् तिसऱ्या दिवशी ते जात. बेरिंग तापलं तं ठिनगी, अन् ठिनगीच्या चहूकडं कापूस. म्हंजे मिस्त्रीचा कान हा काही शौक नोता. त्या कानाच्या भरवशावर पन्नास बाया रोज आत बसत.

त्यायची माही दोस्ती झाली ती माह्या तागडीवरून. औषध तोलाची माही नाजूक तागडी एक दिवस खाली पडली अन् दांडी वाकली. नागपूरले पाठवा म्हनलं तं महिना गेला असता. शामरावजी आले, तागडी मांडीवर घेतली, दोन बोटांत दांडी धरून असं काही केलं का तागडी केसावर उभी राह्यली. म्हनले, "घे बे वसंता. आता कोनाच्या नशिबात खोट येनार नाई."

मी खूश! अन् ज्या मानसानं तागडी सरळ करून देल्ली, त्याचं औषध तोलनं मी त्या दिवसापासून बंद केलं. तोलून काय देता आपल्या मानसाले? चमच्यानं टाकत गेलो. शीग भरून.

औषध गुडघ्याचं होतं. सॅलिसिलेटचं मिक्स्चर, गुडघेदुखीले लय चालते. साहेबाइनं ते एक हप्त्यासाठी लिहून देल्लं होतं. पन मिस्त्रीले आराम पडला, अन् दर शनिवारी त्यायची शिशी ओट्यावर येऊन उभी राहू लागली, खांद्यावर टवका गेलेली हिरवी शिशी. शिशी आली का मी भरत होतो. कागद कोन पाहते? आमच्याकडं शिशी हाच कागद. हप्त्याचे दोन वर्षं झाले. साहेबायले पत्ता नाई, मिस्त्रीले त्यात काही वाटत नाई, अन् मले तं अभिमान!

एका सिझनच्या शेवटी शाफ्टचं एक बेरिंग तापून धूर निघाला. एका बाईनं पाह्यलं, बोंब मारली, पट्टा उतरवला, सगळ्या बाया बाहेर. कोनाले काही झालं नाई. पन शामरावजी त्या बेरिंगपासून चार हातावर उभे होते, दांडका हातात घेऊन. त्यायले आयकू आलं नोतं.

जिनाचे मुनीमजी सभ्य मानूस. आरडाओरडा केला नाई. फक्त म्हनले, "मिस्त्री, अगले मुहूर्तपर आपका कान देखेंगे. नई तो नागपूरसे दूसरा फिटर बुलाना पडेगा. औरतें बैठती है अंदर."

मुहूर्त म्हंजे नव्या कापसावर जिन सुरू कराचा दिवस. हे मले मिस्त्रीनं सांगतलं ते पावसाळ्यात. दवाखान्यात गर्दी ओसरल्यावर आले, बाकावर बसले अन् म्हनले, "वसंता, माह्या डोक्यात भोंगा वाजून राह्यला बे. जिनाचा भोंगा. पन पाळी सुटतच नाई."

"कवापासून?"

"वर्षाच्या वर झालं. आधी बारीक होता. आता तू बोलून राह्यला तं तुहं तोंड हालताना दिसते अन् मांगून भोंगा."

"घरी सांगतलं?"

"तुही काकू म्हनते, माहं आयकाचं नाई म्हनून सोंग करून राह्यले." हसले. मंग दांडका मांडीवर आडवा ठेवला अन् हळू म्हनले, "हा कान गेला तं मी कोन हाय बे? हातात दांडका घेतलेला म्हतारा. असे तं गाई राखनारे बी असतात."

मी छाती ठोकून म्हनलं, "मुहूर्ताच्या आत कान साफ करून देतो. चिंता करू नका."

हे म्हनाचा मले काय अधिकार होता? काहीच नाई. पन जोश होता.

साहेबायले दाखवलं. साहेबाइनं कानात पाह्यलं, मळ नाई. विचारलं, "कुनैन घेता का?" आमच्या इकडं हिवतापानं कुनैन सगळ्यायच्या ओळखीचं, अन् ते घेतलं का कान गुनगुनतात हे शेंबड्या पोरायले बी माहीत. मिस्त्री म्हनले, "नाई जी." साहेबाइनं विचारलं, "दुसरं काही औषध?" मिस्त्री म्हनले, "नाई." खोटं नाई बोलले. ते गुडघ्याचं मिक्स्चर त्यायच्या लेखी औषध राह्यलंच नोतं, ते चहासारखं झालं होतं. अन् मी तिथंच उभा होतो, हातात खल घेऊन, मुंडी हालवत. मावसभाऊ म्हनते तसा.

साहेब म्हनले, "तीस वर्षं जिनाच्या आवाजात काढली, त्याचं हे आहे. कानात कापसाचे बोळे घालत चला."

मिस्त्री बाहेर आल्यावर मले म्हनतात, "कापसाच्या जिनात कापूस कानात घालून फिरू? बाया हसून मरतीन. अन् बोळा घातल्यावर मशीन काय नाकानं आयकू?"

साहेबाइनं झोपेसाठी ब्रोमाइड देल्लं. त्यानं मिस्त्री दिवसा बी झोपाळले, भोंगा जागाच. मंग ताकदीच्या गोळ्या. मंग माह्या डोक्यातून निघालं म्हनून कोमट ग्लिसरीनचे थेंब. मंग काकूनं लसनाचं तेल घातलं, शेजाऱ्यानं मुळ्याच्या पानाचा रस सांगतला, एका रेच्यावाल्या बाईनं सांगतलं का कानाशी घंटी वाजवा, आतली घंटी लाजून गप होते. शामरावजीनं ते बी केलं! चार घरं सोडून लोकायले वाटलं आज कोनती पूजा हाय.

कानाची शिशी वेगळी, गुडघ्याची वेगळी. शनिवारी दोन्ही शेजारी उभ्या राहत. कान वाजून राह्यला म्हनून मले वाईट वाटे, अन् वाईट वाटलं का मी गुडघ्याच्या शिशीत अजून अर्धा चमचा जास्त टाको. म्हनलं, निदान गुडघ्याले तं सुख असू दे.

दसऱ्याच्या आधी काकूनं गिरडचा नवस बोलला. टेकडीवर फरीदबाबाचा दर्गा हाय, आमच्या भागातले सगळेच जातात, कोनाचा धर्म कोनी विचारत नाई. बैलगाडी जुंपली, सामान भरलं, अन् नवराबायको निघाले. पाच-सहा दिवसांनी परत आले ते शामरावजी लंगडत, दोन्ही हातांनी दांडक्यावर भार देत, अन् तोंडावर हे हसू!

"वसंता! भोंगा उतरला बे! तिसऱ्या दिवशी टेकडीवर बसलो होतो, अन् खाली बैलाच्या गळ्यातली घाटी आयकू आली. बैलाची! बाहेरची!"

काकूनं मले दर्ग्याचा प्रसाद, शिरनी देल्ली. "बाबाची कृपा," म्हने. "तुह्या त्या ग्लिसरीनापेक्षा बाबा बरे."

मले आनंद झाला का? झाला. पन खरं सांगतो, जरा झोंबलं बी. तीन महिने मी डोकं फोडून राह्यलो अन् टेकडीनं तीन दिवसांत काम केलं. मी विचारलं, "गुडघा काऊन एवढा धरला?"

"अरे, तुही हिरवी शिशी घरीच राह्यली ना. काकूनं पिशवीत लोनचं भरलं, शिशी विसरली. चढताना जीव गेला. भर आता."

मी भरली. शीग भरून. अन् चार दिवसांनी भोंगा परत आला.

गल्लीत चर्चा, का मिस्त्रीच्या हातून काही चुकलं असन, बाबा रुसले. काकू रडकुंडीले. शामरावजी त्या दिवशी पह्यल्यांदा दांडका घरी ठेवून आले. मोकळ्या हाताचा तो मानूस मले पाहावला नाई. मुहूर्ताले महिना बी राह्यला नोता.

दुसऱ्या दिवशी मी शिश्या भरून राह्यलो होतो. हिरवी शिशी हातात आली, अन् माहा हात तिथंच थांबला. शिशी घरी राह्यली, भोंगा गेला. शिशी भरली, भोंगा आला. मी म्हनलं, नाई बाप्पा, असं होऊच शकत नाई, हे तं गुडघ्याचं औषध हाय.

साहेबायच्या कपाटात औषधायचं एक जाडं इंग्रजी पुस्तक हाय. माहं इंग्रजी सर्टिफिकिटापुरतं. तरी बोट ठेवत ठेवत सॅलिसिलेटचं पान काढलं. फायदे एवढे एवढे. अन् खाली, बारीक अक्षरात, जास्त झालं तं काय होते ते. पह्यलंच लिहिलेलं, कानात घंटी वाजते. दुसरं, कमी आयकू येते.

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. अक्षरं तीच.

तरी मन मानेना. म्हनलं पुस्तक विलायतचं हाय, सिंदीच्या कानाचं त्याले काय माहीत! मंग मी जो शहानपना केला तो कोनी करू नका. तेच मिक्स्चर केलं, मिस्त्रीले देत होतो तसंच चमच्यानं, शीग भरून, अन् स्वतः पेलो. खाचेप्रमानं, दिवसातून तीनदा.

पह्यला दिवस काही नाई, नुसती मळमळ. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबायसाठी एक सर्टिफिकिट टाइप करत होतो. टाइपरायटरची ओळ संपत आली का टिंग वाजते ना, ते टिंग वाजलं. पाह्यलं तं ओळ अर्ध्यावर. पुन्हा टिंग. मी हात उचलले. मशीन गप, टिंग चालूच! तिसऱ्या दिवशी टिंगाची एक लांब तार झाली, उन्हातल्या विजेच्या खांबासारखी, हूंऽऽ करत. एक बाई पोटात दुखते म्हनून सांगून राह्यली अन् मी तीनदा "आँ?" करून तिले विचारलं, "कोनाची भाकर?" साहेब आतून बोंबलून राह्यले, मले पत्ता नाई. शेवटी ते स्वतः बाहेर आले.

"वसंत, बहिरा झालास का?"

"हव," मी म्हनलं. अन् रडाले लागलो. सव्वीस वर्षांचा घोडा, रोग्यायच्या समोर.

साहेबाइनं आत नेऊन सगळं आयकून घेतलं. साहेब फार कमी बोलतात. म्हनले, "किती घालत होतास?"

"अंदाजानं."

"अंदाज हे कुठल्या पुस्तकातलं माप आहे?"

साहेबाइनं माही तागडी पुढं ओढली. मंग म्हनले, "मी आठवड्याचं लिहिलं आणि ते दोन वर्षं चाललं. माझ्याच दवाखान्यात, मी दहा पावलांवर बसलेला असताना. त्यांना दुसरं औषध विचारलं, पण बाहेर येऊन तुझ्या फळीवरच्या शिश्या पाहिल्या नाहीत. तू एकटा नाहीस. पण त्यांना जाऊन तूच सांगायचं. आजच. आणि तू ते पिणं बंद कर, गाढवा."

सिंदीत त्या घरापर्यंत चालत जाले पाच मिनिटं लागतात. मले अर्धा घंटा लागला.

शामरावजी अंगनात बाजेवर बसले होते. काकू शेंगा फोडत होती. मी उभ्या उभ्याच, मोठ्यानं, कारन त्यायलेच नाई तं मले बी आयकू येत नोतं, सगळं सांगून टाकलं. तागडी, चमचा, शीग, पुस्तक, टिंग.

काकू उठली. "म्हंजे तीन-चार महिन्यांपासून मी लसून जाळून राह्यली, अन् तू हिकडून भोंग्यात कोळसा टाकून राह्यला?"

"हव काकू."

"घरात भाकर खाल्ली ना तू आमच्या?"

"हव काकू."

शामरावजीनं हातानं तिले थांबवलं. "वसंता, एक सांग. जास्त काऊन टाकत होता?"

"तुमच्यावर जीव म्हनून जी."

त्यायनं डोळे मिटले, बेरिंग आयकतात तसे. मले वाटलं आता दांडका बसते. बसला तं बसू दे. पन त्यायचं पोट हालाले लागलं, खांदे हालाले लागले, अन् मानूस असा हसला का बाज कुरकुरली.

"ए लेका," म्हनले, "यापुढं माह्यावर जीव नको लावू. मापानं दे."

मंग हसू थांबलं. म्हनले, "तागडी मी सरळ करून देल्ली होती बे." एवढंच. तितकं मले लागलं, दांडक्यापेक्षा जास्त.

हिरवी शिशी बंद झाली. माह्या कानातली तार दोन दिवसांत उतरली, मी जवान अन् तीन दिवसांचाच पेनारा. मिस्त्रीचं दोन वर्षांचं, तं मी रोज सकाळी त्यायच्या घरी. "काय म्हनते भोंगा?" पह्यले दोन दिवस, "हाय." तिसऱ्या दिवशी, "दुसऱ्या गावचा झाला." पाचव्या दिवशी काकूनं चुलीजवळून बारीक आवाजात काहीतरी पुटपुटलं, अन् हे बाजेवरून म्हनले, "आयकू आलं बरं! मी म्हतारा असन, कंजूस नाई!" काकू पदरात तोंड घालून हसली.

पन गुडघे! औषध बंद झाल्यावर गुडघ्यायनं दोन वर्षांचं उट्टं काढलं. बसलं तं उठता येत नाई, उठलं तं बसता येत नाई. शेक घेतला, एरंडाचं पान बांधलं. मी म्हनलं, साहेबायले विचारून थोडंसं, मापानं... तं म्हनले, "मुहूर्त होऊ दे. गुडघा बोंबलला तं मले एकट्याले आयकू येते. कान बोंबलला तं जिन आयकू येत नाई."

मुहूर्ताच्या दिवशी मी साहेबायले विचारून सुट्टी घेतली. जिनाले झेंडूची तोरनं, शाफ्टले हळदीकुंकू, नारळ फुटला. मुनीमजीनं पह्यलेच एका रेच्यात दुसऱ्याच्या हातानं खोट करून ठेवली होती, कोनत्या ते त्यायले अन् त्या मानसालेच माहीत. पट्टा चढला, रेचे सुरू झाले. मी दारातच कानावर हात ठेवले.

शामरावजी निघाले. दांडक्यावर भार देत, एकेक पाऊल टाकत. बाया आपापल्या जागी बसून त्यायच्याकडं पाहत होत्या. कोनी कापूस टाकत नोतं. एका रेच्यापाशी थांबाचे, दांडका टेकवाचा, डोळे मिटाचे, मुंडी हालवाची, पुढं. सहा झाले. सात झाले. आठव्यापासून तसेच पुढं गेले. मुनीमजीच्या तोंडाकडं मी पाहत होतो, पन तो मानूस बंद करंजीसारखा, आत काय ते दिसत नाई. अकराव्यापाशी शामरावजी थांबले. दांडका टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला. मंग मुनीमजीकडं पाहून ओरडले,

"हा तुमचा जी! रूळ सैल केला!"

मुनीमजी हसले, हात जोडले. मी दारातून उडी मारली असन, आता आठवत नाई. पन शामरावजी तिथून हालेनात. मान वाकडी करून उभे. मंग पाच पावलं लंगडत शाफ्टकडं गेले, भिंतीजवळच्या बेरिंगवर दांडका ठेवला.

"अन् हे कोनाचं?"

मुनीमजी म्हनले, "वो हमारा नई है मिस्त्री."

पट्टा उतरवला. बेरिंग उघडलं तं आत तेलाचा थेंब नाई, पावसाळ्यात मातीनं भोक बुजलेलं. रेच्यात खोट करनाऱ्या त्या मानसानं हात लावला, अन् झटकन मांगं घेतला.

नागपूरचा फिटर आला नाई.

बाहेर लिंबाखाली मी विचारलं, "आता कान कसा हाय? खरं सांगा."

ते थोडा वेळ आयकत राह्यले. "वाजते बे. भोंगा तुहा होता, तो गेला. आता एक किडा हाय, बारीक. तो माहा हाय, जिनातला. तीस वर्षांचा हाय, कोठं जाइन?"

मी साहेबायले विचारलं होतं का त्या किड्यावर औषध काय. साहेब म्हनले, "माझ्याकडे नाही. कानातल्या आवाजावर माझ्याकडे जे खरं औषध होतं ते एवढंच, की आपण देत होतो ते थांबवायचं." आता बाया कानात बोळे घालतात, शामरावजीनंच सांगतलं त्यायले. स्वतः घालत नाईत. कोनी विचारलं तं म्हनतात, माहा चौकीदार हाय, त्याले कोंडू कसा?

चैतात जिन बंद झालं, अन् पह्यल्याच शनिवारी ओट्यावर हिरवी शिशी उभी. तिच्या मांगं, आमच्या दवाखान्याच्या रीतीबाहेर, तिचा मालक बी उभा.

"गुडघ्याचं दे," म्हनले. "साहेबायले विचारून आलो, नवा कागद हाय, पंधरा दिवसांचा. उन्हाळ्यात सिंदीत आयकासारखं काय हाय? पन मी इथंच उभा राहून पाहीन."

मी तागडी काढली. तोललं. घोटलं. मोजाचा गिलास डोळ्यासमोर धरला अन् हळू हळू पानी सोडाले लागलो. पानी रेघेजवळ आलं. माहा हात सवयीनं पावडरीच्या चमच्याकडं जरा पुढं गेला असन, मले तं कळलं बी नाई.

बाकावरून दांडका जमिनीवर आपटला.

"बस्स!"